पडद्यावरचे ६० हर्ट्झ कुठून आले? मॉनिटरच्या ओळखपत्राचा इतिहास

#थ्रेड

१/
आपल्या संगणकाची डिस्प्ले सेटिंग उघडा आणि ‘रिफ्रेश रेट’ ही ओळ पाहा. बहुतेकांना तिथे ६० हर्ट्झ दिसेल, काहींना ५९.९४ असा विचित्र आकडा दिसेल. आता भिंतीवरच्या सॉकेटचा विचार करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्याचे चित्रही ६२५ रेषांचे आणि सेकंदाला ५० अर्धचित्रांचे. मग आपल्या टेबलावर हे ६० कोठून आले?

२/
प्रश्न कुतूहलाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर व्यवहारात उपयोगी पडते. जुना मॉनिटर जोडला की पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. यादीत हवे ते रिझोल्यूशनच सापडत नाही. टीव्हीला लॅपटॉप जोडला तर चित्राच्या कडा कापल्या जातात. या तक्रारी एकमेकींशी असंबद्ध भासतात, आणि त्यांपायी कितीतरी धडधाकट मॉनिटर ‘बिघडला’ म्हणून भंगारात जातात. प्रत्यक्षात यातील प्रत्येक तक्रार म्हणजे इतिहासाच्या एकेका थराची खूण आहे. आज आपण ते थर क्रमाने उलगडू.

३/
पहिला थर काचेच्या नळीचा. १८९७ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने कॅथोड किरण नळी तयार केली. तिच्यावर आधारलेल्या पडद्यात इलेक्ट्रॉनांचा एकच झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवतो, विझतो, परत डावीकडे येतो आणि खालची ओळ सुरू करतो. टाइपरायटरचा कॅरेज मागे येताना काही छापत नाही, तसेच हे. शेवटची ओळ संपली की झोत पुन्हा वर जातो. या परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेला वेळ म्हणजे ‘ब्लँकिंग’, रिकामा काळ. हा शब्द लक्षात ठेवावा. पुढच्या निम्म्या गोष्टी त्याच्याभोवती फिरतात.

४/
दुसरा थर १९४१चा. त्या वर्षी अमेरिकेत कृष्णधवल दूरचित्रवाणीचे राष्ट्रीय मानक मंजूर झाले : एकूण ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे. साठच का? कारण अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची. दोन्ही लयी जुळल्या नाहीत तर विजेच्या गुणगुणीमुळे चित्रावर हलणारे पट्टे उमटत. आणि ५२५ का? ३ × ५ × ५ × ७ = ५२५. त्या काळच्या साध्या मंडलांना लहान विषम संख्यांनी भागाकार करणे सोपे जाई. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिथे ५० अर्धचित्रे आणि ६२५ रेषा, म्हणजे ५ × ५ × ५ × ५. भारताने पुढे हेच माप स्वीकारले.

५/
मग ५९.९४? ही १९५३ची करामत. अमेरिकेत रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा लक्षावधी कृष्णधवल संच घरोघरी होते आणि तेही चालत राहायला हवे होते. रंगाची लहर आणि ध्वनीची लहर एकमेकींत मिसळून चित्रावर जाळी दिसू नये, यासाठी अभियंत्यांनी संपूर्ण वेग १००१ला १००० या प्रमाणात किंचित उतरवला. ६०चे ५९.९४ झाले. रेषांचा वेग सेकंदाला १५,७५० होता, तो सुमारे १५,७३४ झाला. जुन्या संचांना सांभाळून घेण्यासाठी केलेली ही तडजोड आज आपल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जशीच्या तशी दिसते.

६/
तिसरा थर १९८१चा. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या सीजीए या रंगीत कार्डाने थेट अमेरिकी दूरचित्रवाणीची लय उचलली. ते कार्ड तिथल्या टीव्हीलाही जोडता येई. त्याच कंपनीचे मजकुरासाठीचे एमडीए कार्ड मात्र वेगळ्या लयीचे, सेकंदाला सुमारे १८,४०० रेषांचे. मॉनिटर एकाच लयीला बांधलेले होते. चुकीच्या कार्डाला चुकीचा मॉनिटर जोडला तर चित्र फाटणे ही किरकोळ बाब; झोत हलवणारी मंडले तापून मॉनिटर कायमचा निकामी होण्याचा धोका होता. पडद्याची सेटिंग बदलणे त्या काळी खरोखर जोखमीचे काम होते.

७/
चौथा थर १९८७चा, आणि माझ्या मते सर्वांत रोचक. आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आले : ६४० × ४८०. हे दिसणारे ठिपके. रिकामा काळ धरला तर एक ओळ ८०० ठिपक्यांची आणि एक चित्र ५२५ ओळींचे होते. ठिपक्यांचा वेग, म्हणजे पिक्सेल क्लॉक, २५.१७५ मेगाहर्ट्झ. आता भागाकार करून पाहा :

२,५१,७५,००० ÷ ८०० ÷ ५२५ = ५९.९४

१९४१च्या ५२५ रेषा आणि १९५३चे ५९.९४ दोन्ही इथे हजर आहेत. शिलालेखात जुन्या राजवटीची बिरुदे टिकून राहावीत तशी. मुंबईत विकल्या गेलेल्या व्हीजीए मॉनिटरवरही हीच अमेरिकी मोहोर होती. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

८/
यानंतर कंपन्यांची चढाओढ लागली. प्रत्येक कार्डाचे माप निराळे. एनईसीने अनेक लयी ओळखणारा ‘मल्टिसिंक’ मॉनिटर व्हीजीएच्या आधीच आणला होता आणि अशा मॉनिटरांमुळे एकाच लयीची सक्ती संपली. पण मोकळीक आली की गोंधळही येतो. तो आवरण्यासाठी १९८९ साली व्हेसा ही संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ८०० × ६००चे सामाईक मानक. मापे आता ठरू लागली, तरी एक प्रश्न उरलाच : समोरच्या मॉनिटरला यातील काय झेपते, हे कार्डाला कळावे कसे?

९/
बराच काळ उत्तर होते : माणसाने सांगावे. १९९२ साली सुरू झालेल्या एक्सफ्री८६ या प्रकल्पात, ज्यावर लिनक्सचा चित्रमय पडदा वर्षानुवर्षे चालला, वापरकर्ता एका फाइलमध्ये ‘मोडलाइन’ लिहीत असे. त्यात पिक्सेल क्लॉक, ओळीत किती ठिपके दिसतील, समकालन-स्पंद म्हणजे सिंक कुठे सुरू होईल, कुठे संपेल, एकूण लांबी किती, आणि हेच उभ्या दिशेने पुन्हा, असे सगळे आकडे असत. शेजारी मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारितेच्या मर्यादा. त्या मॉनिटरच्या पुस्तिकेतून पाहून भराव्या लागत.

१०/
ही पद्धत त्रासदायक होती आणि जोखमीचीही. चुकीच्या मर्यादा लिहिल्यास मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा त्या काळची मार्गदर्शिका देत असे. परंतु तिचा एक गुण होता. ज्याने एकदा मोडलाइन हाताने रचली, त्याला पडदा कसा चालतो हे कळलेले असे. रिझोल्यूशन म्हणजे यादीतून निवडायची वस्तू नसून वेळेचे वाटप आहे, ही समज त्या पिढीला सेटिंग करता करता मिळाली.

११/
पाचवा थर १९९४चा. व्हेसाने मॉनिटरला ओळखपत्र दिले. त्याचे नाव ईडीआयडी. लांबी अवघी १२८ बाइट. मॉनिटरमधील एका लहानशा चिपमध्ये ते असते आणि संगणक केबलमधील दोन तारांवरून ते वाचतो. त्यात काय असते? निर्मात्याची तीन अक्षरांची खूण, नमुना क्रमांक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष (१९९०पासून किती वर्षे झाली, या रूपात), पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वारंवारितेच्या मर्यादा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे पसंतीचे माप, संपूर्ण वेळापत्रकासह. वापरकर्त्याने पुस्तिका चाळण्याचे दिवस हळूहळू संपले.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. ईडीआयडी हे एक साधन आहे, कागदपत्र आहे. आणि प्रत्येक कागदपत्राला आपण दोन प्रश्न विचारतो. ते अस्सल आहे का? आणि त्यातील मजकूर खरा आहे का? पहिल्या प्रश्नाची तपासणी यंत्र स्वतः करते : सुरुवातीचे आठ बाइट ठरलेले असतात आणि १२८ बाइटांची बेरीज २५६ने निःशेष भागली जावी लागते. दुसऱ्या प्रश्नाची तपासणी यंत्राला पुरती करता येत नाही. बनावट नसलेल्या पत्रातही चुकीचा मजकूर असू शकतो. आपल्या बहुतेक अडचणी या दोन प्रश्नांत विभागता येतात, आणि त्यांत तिसरा मिसळावा : पत्र पोहोचले तरी का?

१३/
पत्र न पोहोचणे. व्हीजीए जोडणीच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ या ओळखपत्रासाठी आहेत. काही स्वस्त केबलांमध्ये त्या तारा जोडलेल्याच नसतात. चित्र येते, ओळख येत नाही. एक संगणक दोन पडद्यांना जोडणारा स्प्लिटर, एक पडदा दोन संगणकांना देणारा स्विच, जुने रूपांतरक हेही पत्र वाटेत अडवतात. मग संगणक सावधपणे ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ एवढेच देऊ करतो. वर्गातल्या प्रोजेक्टरवर नकाशा फुगलेला, धूसर दिसतो, तेव्हा दोष अनेकदा प्रोजेक्टरचा नसून छतातून गेलेल्या लांब केबलचा असतो.

१४/
मजकूर अपुरा किंवा चुकीचा असणे. १३६६ × ७६८ हे आपल्याकडे लॅपटॉपांवर आणि स्वस्त टीव्हींवर अतिशय रुळलेले माप. परंतु ओळखपत्रातील प्रमाणित मापांच्या रकान्यात रुंदी ८च्या पटीतच लिहिता येते, आणि १३६६ला ८ने भाग जात नाही. ते माप तपशीलवार रकान्यातच बसते. काही पडदे म्हणून स्वतःला १३६० रुंदीचे म्हणवतात. उलट मोडलाइन काढणारे साधन १३६६चे १३६८ करते. फरक दोन ठिपक्यांचा किंवा सहांचा, पण तेवढ्याने चित्र ताणले जाते आणि अक्षरे मऊ, पुसट दिसतात. रकान्याच्या रुंदीमुळे नोंदीत नाव बदलून जावे, असा हा प्रकार. जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना तो अपरिचित नसेल.

१५/
सहावा थर : नळी गेली, वेळापत्रक राहिले. एलसीडी पडद्यात झोत नाही, त्यामुळे त्याला परतीसाठी लांबलचक वेळही लागत नाही. तरीही रिकामा काळ टिकला. पुढे एचडीएमआयने तर त्याच काळात ध्वनी पाठवायला सुरुवात केली. मोकळ्या पडलेल्या वाड्यात नवे बिऱ्हाड आले. पण रिकामा काळ फुकट नसतो, तो केबलची क्षमता खातो. १९९९च्या डीव्हीआय मानकात एका दुव्याची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ होती. १९२० × १२०० हे माप ६० हर्ट्झवर जुन्या नळीच्या हिशेबाने पाठवायचे तर १९३.२५ मेगाहर्ट्झ लागतात. म्हणजे बसतच नाही.

१६/
२००३ साली व्हेसाच्या सीव्हीटी या सूत्राने त्यावर तोड काढली : ‘रिड्यूस्ड ब्लँकिंग’, आखडलेला रिकामा काळ. तेच १९२० × १२०० आता १५४ मेगाहर्ट्झमध्ये मावते. चित्रातला एकही ठिपका कमी झालेला नाही. केवळ नळीच्या झोतासाठी राखलेली जागा परत घेतली. कस्टम रिझोल्यूशनमधील एक मोठा पेच याच ठिकाणी सुटतो.

१७/
नेहमीच्या १९२० × १०८० @ ६०चे उदाहरण घ्या. या एकाच नावाची तीन वेळापत्रके प्रचलित आहेत :
• सीव्हीटी, नळीच्या हिशेबाने : १७३ मेगाहर्ट्झ
• दूरचित्रवाणीचे मानक : १४८.५ मेगाहर्ट्झ
• सीव्हीटी, आखडलेला रिकामा काळ : १३८.५ मेगाहर्ट्झ

मधला आकडा २२०० × ११२५ × ६० असा येतो. त्यातील ११२५ रेषा जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने उच्च-स्पष्टता दूरचित्रवाणीसाठी निवडलेल्या मापातून आल्या. पहिले वेळापत्रक डीव्हीआयच्या मर्यादेबाहेर, उरलेली दोन आत. म्हणून ‘१०८०पी तर चालायलाच हवे, मग काळोख का?’ या प्रश्नाला ‘कोणते १०८०पी?’ हा उलट प्रश्न विचारावा लागतो.

१८/
आणि टीव्हीवर कापल्या जाणाऱ्या कडा? तो थर नळीच्या टीव्हीचा. त्यांच्या चित्राच्या कडा अस्थिर असत, म्हणून चित्र चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवून कडा लाकडी वा प्लास्टिकच्या चौकटीआड लपवत. याला ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. आजच्या सपाट टीव्हीत लपवण्यासारखे काही नाही, तरी अनेक संच सवयीने एचडीएमआयवरचे चित्र फुगवतात. उपाय संगणकात शोधू नये. टीव्हीच्या चित्र-मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो लावावा.

१९/
आता हे सारे थर चौकशीच्या क्रमात मांडू.

अ) ‘आउट ऑफ रेंज’ दिसते, म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, सिग्नल पोहोचतो आहे, केवळ वेळापत्रक त्याच्या मर्यादेबाहेर आहे. विंडोज सेटिंग बदलल्यावर १५ सेकंद उत्तराची वाट पाहते आणि जुने माप परत आणते, तेवढे थांबावे. तरी न सुटल्यास सेफ मोडमधून माप उतरवावे.

आ) सुरू होताना कंपनीचे चिन्ह दिसते, पण पुढे काळोख : केबल आणि पडदा बहुधा ठीक, पुढे निवडलेले माप किंवा ड्रायव्हर संशयित.

इ) यादी तोकडी : ओळखपत्र पोहोचत नाही. मधले सर्व जोड काढून थेट, दुसऱ्या केबलने जोडून पाहावे. त्यानंतर ग्राफिक्स ड्रायव्हर.

ई) चित्र पुसट : पडद्याचे मूळ माप निवडले आहे का? व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण दाबावे. त्या केबलमधून ठिपके नव्हे तर सलग लहर येते, आणि कोणता ठिपका कुठे सुरू होतो हे मॉनिटर अंदाजाने ठरवतो. बटण दाबले की तो अंदाज नव्याने बांधतो.

२०/
एवढे करूनही हवे ते माप मिळाले नाही, तरच कस्टम रिझोल्यूशनकडे वळावे. विंडोजवर ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण-पटलात तो पर्याय मिळतो. लिनक्सच्या एक्स पडद्यावर सीव्हीटी या आज्ञेने मोडलाइन काढावी आणि एक्सरँडआरने ती जोडावी. पहिला प्रयत्न आखडलेल्या रिकाम्या काळाने करावा. तरी काळोख राहिला तर रिफ्रेश रेट उतरवून पाहावा. ५० हर्ट्झही अनेकदा पुरतो. एक्सरँडआरची जोडणी पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते, म्हणून ती सुरुवातीच्या आज्ञांत लिहून ठेवावी. ओळखपत्रच चुकीचे असेल, तर विंडोज आणि लिनक्स दोन्हींत त्याची दुरुस्त प्रत पुरवण्याची सोय आहे. आजचे एलसीडी नको असलेला सिग्नल बहुधा नुसता नाकारतात. नळीचा जुना मॉनिटर असेल, तर मात्र त्याच्या पुस्तिकेतील मर्यादा ओलांडू नयेत.

एक गोष्ट स्पष्ट असावी : पडद्यात नसलेले ठिपके कोणत्याही सेटिंगने निर्माण होत नाहीत.

२१/
१९९४च्या ओळखपत्राने आपल्याला मोठ्या कटकटीतून आणि खऱ्या धोक्यातून सोडवले, याबद्दल दुमत नाही. पण त्याबरोबर एक सवयही लागली. यादीत जे दिसते तेवढेच शक्य आहे, असे आपण मानू लागलो. यादी म्हणजे मॉनिटरची क्षमता नव्हे. ती एका १२८ बाइटांच्या पत्राचे, वाटेतल्या केबलने पोहोचवलेले आणि ड्रायव्हरने लावलेले वाचन आहे. पत्र हरवू शकते, अपुरे असू शकते, चुकीचे वाचले जाऊ शकते. ‘हा पडदा बाद झाला’ असा निष्कर्ष काढण्याआधी एवढी चौकशी करणे हे साधन-परीक्षणच आहे, आणि ते आपण नाण्यांवर, बखरींवर रोज करतोच.

२२/
तेव्हा घरात, महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात एखादा मॉनिटर कोपऱ्यात ‘बंद’ म्हणून पडलेला असेल, तर केबल बदलून, माप ६४० × ४८०वर उतरवून एकदा लावून पाहा. चित्र उजळले तर त्या ४८० ओळींमागे न दिसणाऱ्या आणखी ४५ ओळी आहेत, हे आठवा. दोन्हींची बेरीज ५२५ होते.

आपल्या पडद्यावर रिफ्रेश रेटचा कोणता आकडा दिसतो, ते खाली लिहा. विचित्र अपूर्णांक असेल तर अधिकच उत्तम; त्याची वंशावळ मिळून शोधू.